आई टेकून बसली होती

अंगात येणं, करणी, कौल... या सगळ्याविरुद्ध मी पत्रकं लिहिलीत, सीबीएस बस स्टँडवर उभं राहून वाटलीत, शिव्या खाल्ल्यात. तेव्हा हे वाचून ‘हिलाही झालं का’ म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. झालं ते लिहितेय.

सातपूरला आमचं विटांचं घर. खाली आम्ही मायलेकी, वरच्या खोलीत भाडेकरू सुनीता, तिचा नवरा आणि तान्हं बाळ. हॉल आणि किचनमधली भिंत काढून तिथे लोखंडी गर्डर टाकायचा होता. वरच्या खोलीचा सगळा भार त्याच भिंतीवर. म्हणून आधी स्लॅबला खालून जॅक लावायचे, भिंत फोडायची, गर्डर बसवायचा, आणि मगच जॅक काढायचे. यात न कळण्यासारखं काय आहे? पण आपल्याकडे ठेकेदाराच्या साईटी चार आणि जॅक एका साईटपुरते! भिंत पाडून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी बाहेर पडल्यावर, त्याने जॅक टेम्पोत भरले आणि माणसांसकट दुसऱ्या साईटवर नेले. आईला सांगून गेला, गर्डर दुपारी येतोय मावशी, तोवर काही होत नाही.

दुपारी मी जेवायला घरी आले. स्लॅबला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग. आणि बरोब्बर तिच्याखाली आई मेथी निवडत बसलेली — रोजच्यासारखीच, पाय पसरून, भिंतीला पाठ टेकून.

फक्त भिंत नव्हती.

पाठ चांगली मागे कललेली, आणि पाठीमागे थेट किचनचा ओटा दिसत होता. मी धावत जाऊन तिच्या काखेत हात घातला, तर माझी बोटं घासली... खरखरीत प्लास्टरवर. दिसत काहीच नव्हतं.

“ओढू नको गं,” आई दात आवळून म्हणाली. “आधी वरच्या पोरीला खाली आण. मी उठले तर ते बाळ...”

“आई, वेडी झालीस का?”

“भांडण मग कर. जा.”

सुनीता बाळाला न्हाऊ घालत होती. ओल्या बाळासकट तिला बाहेर आणलं, मग आईला हाक मारली. ती जमिनीवर हात टेकत उठली, वाकूनच अंगणात आली, आणि मागे सगळा स्लॅब खाली बसला.

तिला खरचटलंही नव्हतं. पण तेवढंच ती शेवटचं चालली. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी विचारलं, मणके एकावर एक दबलेत, डोक्यावर काय पडलं? काहीच नाही, मी म्हणाले. मग यांनी उचललं काय होतं?

हाडं ठिसूळ असतील, घाबरून मला भास झाला असेल — हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलंय. बोटांची सालं गेली होती, त्याचं काय?

पोलिसांत तक्रार केलीय. ठेकेदार म्हणतो, मी जॅक काढलेच नाहीत, घरच्यांनीच हलवले. आणि विचारतो, सकाळी काढले असते तर स्लॅब दुपारपर्यंत राहिला कसा? मजूर बोलणार नाहीत, त्यांची रोजी त्याच्या हातात. पत्रकं वाटणाऱ्या आमच्याच गटातल्या इंजिनिअर मित्राला विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, त्या हरामखोराचा प्रश्न बरोबर आहे, जॅकशिवाय तो स्लॅब तासभरही राहिला नसता.

आई साक्ष द्यायला तयार आहे. पडल्या पडल्या रोज विचारते, कधी नेतेस? तिने खरं सांगितलं की केस संपली. आणि खोटं काय बोलायचं, ते आईला शिकवायला माझी जीभ रेटत नाही.