नफस की नफ्स

इंजिनिअर नशवानने आपल्या यंत्रांच्या कारखान्याची किल्ली भागीदाराच्या हातात ठेवली आणि तो मशिदीतल्या म्हाताऱ्या शेखपुढे आत्मा, जाणीव असले विषय शिकायला बसला, तेव्हा मोसुलमध्ये त्याची भरपूर टिंगल झाली. "उस्ताद, पंप बंद पडलाय. त्याच्या आत्म्याशी जरा बोलून घेता का?" असं भागीदार घानिम तोंडावर म्हणायचा. म्हणेना का. ज्या दुपारी हे सगळं सुरू झालं, त्या दुपारी घानिम इस्पितळात नव्हता.

खाटेवर नशवानचा मेहुणा मुसन्ना निपचित पडला होता. मेंदूत रक्तस्राव झालेला. त्याच्या छातीत हवा भरणारं यंत्र नशवाननेच बनवलेलं, इराकवर बाहेरच्या देशांचे निर्बंध होते त्या काळात, मिळेल त्या सुट्या भागांतून. डॉक्टरांच्या मते मुसन्नात आता काही उरलं नव्हतं. यंत्र थांबवून एकदा बघायचं, स्वतःहून श्वास घेतला तर ठीक. पण त्याची बायको खौला कुणाला हात लावू देईना. तिची समजूत काढायचं काम साऱ्या घराने तिच्या भावावर, नशवानवर ढकललं होतं.

"अगं खौला, हा श्वास त्याचा नाही. यंत्राचा आहे."

यंत्रावरचा हिरवा दिवा दर श्वासाला पेटत होता. तिने त्याकडे बोट केलं. "खाली तूच लिहिलंयस ना? नफ्स. जीव. मग जीव आहे."

"नफस आहे ते. श्वास."

अरबीत दोन्ही शब्द दिसायला एकच. स्वराची खूण कुणी देत नाही, वाचणारा मनानेच भरतो.

"खूण दिलीस?"

"नाही."

"मग तुझंच खरं कशावरून?"

डॉक्टर दारात ताटकळले होते. हवा किती, दाब किती, हे नशवानने झोपेतही सांगितलं असतं. आत मुसन्ना आहे की नाही, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. त्याला स्वतःची चीड आली.

"मला नाही सांगता येत," तो म्हणाला. "थांबवल्याशिवाय काही कळायचं नाही."

खौला यंत्रासमोरून बाजूला झाली. "मग तूच थांबव. दुसऱ्या कुणी नाही."

त्याने बटण दाबलं. दिवा विझला. सगळे छातीकडे बघत राहिले. ती हललीच नाही. शेवटी डॉक्टरांनी मान खाली घातली.

"गेला?" खौलाने नशवानला विचारलं.

"श्वास थांबला."

"ते दिसतंय रे मला. मी त्याचं विचारतेय. आत्ता गेला, का आधीच गेला होता? इतके दिवस मी बोलत बसले, ते ऐकायला कुणी होतं का?"

"ठाऊक नाही."

"मग एवढं शिकलास कशाला?" खौला म्हणाली, आणि नवऱ्याच्या कानाशी वाकून पुन्हा बोलू लागली.