कोरी हार्ड डिस्क

धाकट्या बहिणीला अहमदाबादला ॲनिमेशनच्या कोर्सला प्रवेश मिळाला तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला, आणि तो मी कुणाला दाखवला नाही. बाबांचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून घर आणि जवळची शाळा, एवढीच माझी ये-जा. शिकवते, लग्न झालेलं नाही, म्हणजे नातेवाइकांच्या मते मी मोकळीच. मोकळ्या माणसाला घराबाहेर पडता येत नाही, हे मला फार लवकर कळलं. धाकटी तरी सुटावी, एवढंच हवं होतं.

तिला काय द्यायचं हे ठरलेलंच होतं. तिच्या कॉम्प्युटरवर जागा उरायची नाही. एक फिल्म केली की आधीची पुसायची. शाळा सुटल्यावर मी पैठण गेटजवळच्या दुकानात गेले. दुकानदाराने काचेवर तीन हार्ड डिस्क मांडल्या. एक मोठी, वेगळा प्लग लागणारी, टेबलावर बसून राहणारी. ती मी हातातसुद्धा घेतली नाही. बसून राहणारं आमच्याकडे आधीच पुष्कळ आहे. दुसरी पर्समध्ये मावणारी, पण आत चकती फिरते, पडली की संपली. तिसरी आणखी लहान, धक्का सोसणारी, मात्र तेवढ्याच किमतीत जागा निम्मी. मी बराच वेळ घुटमळले. धाकटीच्या हातून कप पडतात, फोन पडतो, एकदा मिक्सरचं भांडंही पडलंय. तिसरीच घेतली. निम्मी तर निम्मी, पण सगळी तिची. दुकानदार म्हणाला, गाणी-पिक्चर भरून देऊ का, सगळे भरूनच नेतात. मी म्हटलं, कोरी द्या.

घरी आईने ती उलटसुलट करून पाहिली आणि आत काय आहे ते विचारलं. काही नाही, नुसती जागा आहे, असं मी सांगितलं आणि तिथेच फसले.

"रिकामी कशी देती?" आई म्हणाली. "शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करत नाय, चिमूटभर साखर तरी घालतो. लेक घर सोडून चालली अन् तिच्या हातात रिकामा डबा?"

हा डबा नव्हे, यात जागा हीच भेट, असं मी परोपरीने सांगितलं. बाबांनी मान हलवून आईची बाजू घेतली आणि भरणी सुरू झाली. घरातली लग्नं, बारशी, शेतातल्या पूजेचे व्हिडिओ. आई शेजारी बसून सांगायची, हे घाल, ते राहिलं. गंगापूरच्या काकांना कळलं, तर ते पेनड्राइव्ह घेऊन हजर. त्यात त्यांच्या मुलाच्या लग्नाचं अख्खं शूटिंग, शिवाय त्यांना आवडलेली कीर्तनं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आमच्याकडे कुणाला बोलवावं लागत नाही. लॅपटॉप माझा, म्हणून बसायचंही मीच. वायर जरा हलली की सगळं पहिल्यापासून, त्यामुळे स्क्रीनवरची हिरवी पट्टी सरकत असताना उठायची सोय नव्हती. शाळेचे पेपर तपासायचे राहिले. आतून बाबा हाका मारत होते आणि मी काकांच्या व्याह्यांची पंगत बघत होते. नको म्हणावं तर आईच्या डोळ्यांत पाणी, हो म्हणावं तर धाकटीची जागा जाते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी स्क्रीनवर पाटी आली, जागा शिल्लक नाही. आईने समाधानाने डिस्कला हळदकुंकू लावलं.

"राहू दे ताई, मी तिकडं बघीन," एवढंच धाकटी म्हणाली. ती काही बघणार नाही, हे मला माहीत होतं. आईने भरलेलं तिच्याच्याने पुसवलं नसतं. पुन्हा स्वतःचंच काम पुसत बसली असती.

जायच्या दिवशी सकाळी आई लाडू वळत होती, तेव्हा मी खोलीचं दार लोटलं आणि डिस्क पुसून टाकली. सगळं माझ्या लॅपटॉपवर होतंच, हरवलं काही नाही. आठवडाभर भरलेलं जायला चहाला उकळी येण्याइतकाही वेळ लागला नाही. संध्याकाळी बसपाशी पिशवी देताना तिला सांगितलं, आतली डिस्क कोरी आहे, आईला बोलू नकोस. तिने पिशवी पोटाशी धरली आणि माझ्याकडे न बघता बसमध्ये चढली.

दिवाळीच्या तोंडावर तिचा फोन आला. एक फिल्म झाली होती, दुसरी सुरू होती. आवाज बदलला होता, भरभर बोलत होती, मध्येच हसत होती. मग म्हणाली, "ताई, या दिवाळीला नाय येत मी. इथंच बरं वाटतंय."

हेच तर मला हवं होतं. तरी मला तिचा राग आला, इतका की फोन आपटावासा वाटला. ती सुटली की थोडी मीही सुटेन, असं मी तोवर धरून चालले होते. बरं, काम कर, म्हणाले आणि फोन ठेवला.

आई दारात उभी होती. "काय म्हणती? आपले व्हिडिओ बघती का?"

"रोज बघते," मी म्हणाले. "त्यामुळे दिवाळीला नाही आलं तरी चालेल, म्हणते."

आईचा चेहरा आधी पडला, मग तिने स्वतःलाच समजावल्यासारखी मान हलवली.

"मग यंदाची दिवाळी पण सगळी काढून ठेव," ती म्हणाली. "तिला धाडू."

मी हो म्हटलं आणि लॅपटॉपवर जागा करायला बसले.