चाळीस सासवा

सदर इसम स्त्री, वय सत्तेचाळीस. हुद्दा चेकर, मोजे विभाग. सेवा एकवीस वर्षे, खंड नाही. वर्तणूक समाधानकारक. विशेष गुण: सुवाच्य अक्षर. नोकरी सोडण्याचे कारण: घरगुती, सासूबाईंचे दीर्घ आजारपण. राजीनामा स्वखुशीने.

कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत. प्रत्येक मोज्यात डावा हात घालायचा, बोटं फाकवायची आणि कुठे टाका सुटलाय का ते बघायचं, हे ताईचं काम. उजवा हात जरा मोकळा मिळाला की ती बायकांचे रजेचे अर्ज लिहून देई. मजकूर ताईचा, सही जिची तिची, अशी जुनी रीतच होती. ताईच्या अक्षरातला अर्ज नामंजूर होत नाही, असा समज होता. साहेबांचाही असावा.

कारण चाळीस बायका कमी करायचं वरून ठरलं, तेव्हा साहेबांनी आधी ताईला बोलावलं. कामावरून काढलं तर भरपाई द्यावी लागते. राजीनामा आला तर नुसत्या शुभेच्छा देऊन भागतं.

"चाळीस राजीनामे लिहून टाक. सह्यांचं आम्ही बघतो."

"आणि मी?"

"यादीत तुझं नाव दिसतंय का? मग झालं तर!"

घरी वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या औषधापासून खोलीच्या भाड्यापर्यंत सगळं त्या डाव्या हातावर चाललेलं. ताईने उजवा कामाला लावला.

प्रत्येकीला वेगळं कारण हवं, हे साहेबांच्या डोक्यात आलं नाही आणि ताईला चाळीस कारणं सुचली नाहीत. शेजारच्या टेबलावर मोज्यांच्या जोड्या लावणारी बाई तिची पंधरा वर्षांची मैत्रीण. जेवायला दोघी एकत्र बसत. तिने कागद उलटसुलट करून पाहिला.

"काय गं, माझं काय कारण लिहिलंस?"

"सासूचं आजारपण."

"अगं बाई, तिला जाऊन चार वर्षं झाली!"

"मग बदलू?"

"राहू दे. जिवंत होती तेव्हा माझ्या मुळावर उठली होती, आता मेल्यावरही उठू दे."

सही करून ती डबा घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात जेवायला गेली.

पुढे बायकांनी कामगार कार्यालयात तक्रार केली की सह्या दमदाटीने घेतल्या. निरीक्षक आले. चाळीस सासवा एकाच आठवड्यात आजारी पडाव्यात आणि सगळ्यांची तब्येत एकाच अक्षरात बिघडावी, हे त्यांना जरा खटकलं.

"हे सगळं तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

साहेब खिडकीबाहेर बघत होते. दारात ती मैत्रीण उभी होती.

"बायकांच्याच," ताई म्हणाली. "इथले सगळे अर्ज मीच लिहिते. पहिल्यापासून."

यातलं दुसरं वाक्य खरं होतं, त्यामुळे पहिलंही खपलं. निरीक्षकांनी जबाब लिहून घेतला, ताईने सही केली, तक्रार निकालात निघाली.

जाताना मैत्रीण टेबलापाशी थांबली. "ताई, इतक्या मोज्यांत हात घालून भोकं शोधलीस. कधीतरी स्वतःच्या आत घालून बघ."

ताईने पुढचा मोजा उचलला.

महिन्याभराने साहेबांनी पुन्हा बोलावलं. माणसं कमी म्हणून माल कमी, माल कमी म्हणून तपासायचं कमी, हे त्यांनी फार सौजन्याने समजावलं आणि कोरा कागद पुढे सरकवला.

"तुला काय सांगायचं? तुला तर पाठच आहे."

तक्रार करायची सोय राहिली नव्हती. इथले राजीनामे स्वखुशीनेच लिहिले जातात, हे ताईच्याच सहीने सरकारदरबारी नोंदलेलं होतं. तिने लिहायला घेतलं. चाळीसदा गेलेला हात एक्केचाळिसाव्यांदाही त्याच वाटेने गेला, कुठे अडखळला नाही. साहेबांनी न वाचता मंजुरी दिली. ताई नाव नोंदवायला गेली तेव्हा रोजगार कार्यालयातल्या कारकुनाने तो राजीनामा वाचला, आणि वर दिलेली नोंद त्यावरून तयार केली.

"अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं," तो म्हणाला. "पण हल्ली सगळं टाइप करतात."

ताईचं लग्न झालेलं नाही.