स्वच्छ तुकड्याची माती

प्रयोगशाळेत तिला सगळे मातीताई म्हणत. शेतातून मातीचे नमुने आणायचं काम तिचं, आणि त्यात आपला हात धरणारं कुणी नाही, असा तिचा स्वतःचा ठाम समज होता.

प्रयोगाच्या शेताचे दोन तुकडे होते. एकात शहराच्या सांडपाण्याचा गाळ खत म्हणून घातलेला, दुसऱ्यात कधीच नाही. घरोघरचा साबण, शाम्पू, फरशीचं औषध मोरीतून त्या गाळात जातं. तिथून मातीत गेल्यावर त्याचं काय होतं, ते बघायचं होतं. तिचा थोरला भाऊ याच उत्तरासाठी खोळंबला होता. दादाने एकदा स्वतःच्या शेतात असाच गाळ टाकला होता, आता दुसरा टँकर यायचा होता.

अहवाल आला आणि साहेबांनी कपाळाला हात लावला. साबणातलं जंतुनाशक गाळ न पडलेल्या तुकड्यातही निघालं होतं. "आता तुलना कशाशी करायची? प्रयोग गुंडाळू या," ते म्हणाले.

त्या दिवशी मातीताईला घास गोड लागेना. जेवण अर्धवट टाकून ती हात धुवायला उठली. जंतुनाशक साबणाचा फेस दोन्ही हातांवर आला आणि ती तशीच उभी राहिली. गाळाच्या तुकड्यात ती किळस येते म्हणून हातमोजे घालायची. मग अशाच साबणाने हात खसाखसा धुवायची आणि दुसऱ्या तुकड्यातली माती उघड्या हातांनी काढायची. तो तर स्वच्छच आहे, म्हणून.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लाज कुरवाळत बसणाऱ्यांतली ती नव्हती. सकाळी साहेबांना म्हणाली, "चूक माझी. नमुने पुन्हा घेते." साहेब कां-कूं करत राहिले, ही जागची हलली नाही. शेवटी तेच हो म्हणाले.

घरात साबण, पावडर, क्रीम, सगळ्यांना रजा मिळाली. नवऱ्याने नाकाला रुमाल लावायचं नाटक केलं.

"लावा खुशाल," ती म्हणाली.

या वेळी गाळ न पडलेला तुकडा स्वच्छ निघाला. गाळाच्या मातीतली फेसाची द्रव्यं जिवाणूंनी केव्हाच फस्त केली होती. जंतुनाशक मात्र मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसलं होतं. पावसाने ते हललं नव्हतं, आणि गांडुळांच्या पोटातही पोचलं होतं.

तिने दादाला फोन लावला. "टँकर परत पाठव."

"पीक तर झकास आलंय गं."

"पीक आलंय. त्याच्याबरोबर साबणातलं औषधही आलंय, आणि ते जायचं नाव घेत नाहीये."

"मग माझ्या शेतात आधीच पडलंय, त्याचं काय?"

"उद्या येते. नमुना घेते."

"आणि वाईट निघालं तर?"

"तर साहेबांच्या आधी तुला सांगेन."