सही फक्त माझी

नांदेडला एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत बसून मी एका संस्थेसाठी फोन घ्यायचं काम करते. दिवस गेलेत आणि पुढं काय करावं ते कळत नाही, अशा बायका आम्हाला फोन करतात. मूल ठेवायचं असेल तर तपासण्या कुठं होतात, ठेवायचं नसेल तर कोणत्या दवाखान्यात जायचं, जन्म देऊन सांभाळणं शक्य नसेल तर बाळ कायद्यानं कुणाच्या हाती सोपवायचं, ही माहिती आम्ही देतो. यातलं काय निवडावं ते मात्र सांगत नाही. कामावर घेताना ही एकच अट होती आणि ती मला फार आवडली. तोवरच्या आयुष्यात मी काय करावं हे न सांगणारी माणसं मला क्वचितच भेटली होती.

फोन कुठून कुठून येतात. कुणी तुरीच्या रानातून बोलते, कुणी न्हाणीचं दार लावून, नळ सोडून. पुष्कळजणींचा पहिला प्रश्न असतो, "ताई, ह्यात पोलीस धरून नेत्यात का?" गावोगाव भिंतींवर गर्भलिंग तपासणी गुन्हा आहे असं रंगवलेलं असतं. ते वाचून लोकांनी गर्भपातच गुन्हा ठरवून टाकलाय. मुलगा की मुलगी हे बघून पाडणं गुन्हा आहे; बाकी कायद्यानं घातलेल्या मुदतीत, डॉक्टरच्या हातून ते उजळ माथ्यानं करता येतं, हे मी रोज सांगते. इस्लापूरकडच्या एका मुलीचं उलटं होतं. घरच्यांना मूल नको होतं, तिला हवं होतं. तिच्यासाठीही आम्ही तेवढेच भांडलो. तिची पोर आता अंगणवाडीत जाते.

एकदा भोकरहून एका बाईचा फोन आला. मी नेहमीसारखं सांगितलं, "तुम्ही अठराच्या वरच्या आहात ना? मग फक्त तुमची सही लागते. नवऱ्याची लागत नाही."

ती म्हणाली, "ताई, तुमी खोलीत बसून बोलून राहिलात. हितं मला दोनदा माघारी धाडलं. मालकाला घेऊन ये म्हणत्यात."

आमच्या संस्थेच्या डॉक्टरबाईंनी त्या दवाखान्यात फोन केला आणि तिचं काम झालं. पण फोन करायला कुणी नसलेल्या बायकांचं काय होत असेल, हे माझ्या डोक्यातून गेलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मलाच दिवस गेले. चाळिशी ओलांडली होती, मुलगी बारावीला, लातूरला क्लाससाठी राहायला. पाळी चुकली तेव्हा वाटलं, आता थांबत आली असेल. खालच्या दुकानातून तपासणीची पट्टी आणली आणि कळलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत मास्तर आहे, फार न बोलणारा.

"तुला काय वाटतंय?" त्यानं विचारलं.

"मला नको."

"मग नको," तो म्हणाला आणि भात वाढून घेतला.

कारणं होती. ती मी इथं मांडणार नाही. माझं कारण पुरेसं मोठं आहे की नाही हे जोखायला मी कुणाला बसवलेलं नाही.

नांदेडच्या दवाखान्यात मला सगळे ओळखतात. तिथं गेले असते तर खुर्ची देऊन, चहा पाजून काम केलं असतं. मला ते ओळखीवर नको होतं. म्हणून आम्ही लातूरला गेलो. तिथं मी कोण, कुठं काम करते, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि मी ते सांगितलंही नाही.

तपासणी झाली. डॉक्टरांनी हो म्हटलं. मग टेबलावरच्या सिस्टर म्हणाल्या, "मिस्टर कुठायत? त्यांची सही लागेल."

"लागत नाही."

"सगळ्यांची घेतो आम्ही."

"कायद्यात फक्त माझी लागते."

"कायदा आम्हाला नका शिकवू मॅडम. उद्या नवरा येऊन भांडला तर कुणी बघायचं?"

"माझा नवरा बाहेर बसलाय. तो भांडायचा नाही."

"बाहेरच आहेत? मग बोलवा ना. अडचण काय आहे?"

"बोलवणार नाही."

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू माझं डोकं फिरलंय. तेवढ्यात आवाज ऐकून नवरा स्वतःच आत आला. खिशातलं पेन त्यानं आधीच हातात घेतलं होतं. "अगं, मी करतो ना सही. एवढं काय त्यात?"

"ते खिशात घाला," मी म्हणाले. 

बाकावर नंबर लावून बसलेली एक तरुण बाई वैतागली. "ओ बाई, मालक हाय तर घ्या की सही. आमचा नंबर खोळंबून राहिलाय."

"तुमचे मालक कुठायत?" मी तिला विचारलं.

"पुण्याला, कंपनीत. सुट्टी भेटत न्हाई त्याला. मागल्या टायमाला बी सहीपायी परत गेले मी."

"म्हणूनच मी ह्यांची सही देत नाही," मी म्हणाले. तिला ते पटलं असावं असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही.

मी सिस्टरकडं वळले. "नवऱ्याच्या सहीशिवाय होणार नाही, असं मला कागदावर लिहून द्या. खाली तुमचं नाव घाला. मी जाते." त्यांनी शेजारच्या दुसऱ्या सिस्टरकडं पाहिलं, तिनं खिडकीकडं. लिहून द्यायला कुणी तयार होईना. तोंडी मात्र नियम पक्का होता.

शेवटी आतून मोठे डॉक्टर आले. काय झालं ते ऐकलं, बाहेरच्या रांगेवर नजर टाकली आणि म्हणाले, "घ्या यांची एकटीची." त्यांना माझं पटलं होतं असं नाही. त्यांना मी तिथून हलायला हवी होते.

मी हलले नाही. "आणि यांची?" बाकावरच्या बाईकडं बोट करून विचारलं.

"त्यांचं वेगळं आहे," सिस्टर म्हणाल्या.

"काय वेगळं आहे?"

सिस्टर कागद सारखे करायला लागल्या. मग ती बाई स्वतःच उठली. पदर घट्ट धरून, खाली बघत म्हणाली, "मी बी सही आणणार न्हाई. माझीच घ्या."

डॉक्टर "घ्या," एवढंच म्हणून आत गेले.

दुपारी आम्ही दोघी शेजारशेजारच्या कॉटवर पडून होतो. माझ्या पोटात कळा येत होत्या. ती छताकडं बघत म्हणाली, "तुमच्या मालकाला राग न्हाई आला?"

"आला असेल. विचारलं नाही."

ती खुदकन हसली आणि लगेच कळ आली म्हणून कुशीवर वळली.

राग आलाच होता. परतीच्या एसटीत त्यानं विचारलं, "माझी सही म्हणजे काय विष होतं का?"

"ते तुमच्याबद्दल नव्हतं."

"चारचौघांत पेन खिशात घालायला लावलंस."  त्याचं वाईट वाटणं खरं होतं आणि तरीही मी पुन्हा तसंच केलं असतं. अहमदपूर गेलं तरी तो खिडकीबाहेरच बघत होता. लोह्याला गाडी थांबली तेव्हा चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाला, "त्या पोरीचं झालं ना?"

"झालं."

"बरं झालं," तो म्हणाला.

ही गोष्ट लपवायची नाही असं मी ठरवलं होतं. दिवसभर फोनवर बायकांना यात लाजण्यासारखं काही नाही म्हणायचं आणि स्वतः तोंड मिटून बसायचं, हे मला जमणार नव्हतं. सुट्टीला घरी आलेल्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "बरी आहेस ना आता?" आणि मला घट्ट धरून बसली. निलंग्याहून नणंद आली तेव्हा जेवताना तिलाही सांगितलं.

तिचा घास हातातच राहिला. "आईला विचारलं होतंस?"

"नाही. आता सांगणार आहे."

"आपल्या घरात असलं कधी झालं न्हाई."

"झालं असेल वन्सं. कुणी सांगितलं नसेल."

ती ताटावरून उठली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघून गेली. अजून माझ्याशी बोलत नाही, फोन भावाला करते. तो मुद्दाम स्पीकर लावतो आणि मी स्वयंपाकघरातून मोठ्यानं तिच्या गुडघ्याची चौकशी करते.