फेरीबोटीवरची शिट्टी

माझे वडील मिरजेला गणिताचे शिक्षक. आमच्या घरात ‘भूत’ हा शब्द फक्त व्याकरणात, काळाला चिकटून यायचा. त्यामुळे या सदरातले अनुभव मी वाचते ते चहाबरोबरची करमणूक म्हणून... आता स्वतःच लिहायला बसले आहे. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, मीही हसतच सांगणार आहे.

एकसष्ट सालचा हिवाळा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमचे हे हॅम्बर्गच्या एका शिपयार्डात इंजिनिअर, आणि आम्ही एल्बे नदीच्या पलीकडे, फिंकेनवेर्डरला दोन खोल्यांत राहायचो. शहरात जायचं तर फेरीबोट.

माझा थोरला भाऊ — दादा — आर्मीत कॅप्टन. तेव्हा तो काँगोत होता, युनोच्या शांतिसेनेबरोबर. तिथे यादवी पेटलेली, पण त्याची पत्रं मजेशीर. “लढायचं नाही, नुसतं मध्ये उभं राहायचं. दोन्हीकडचे आम्हालाच शिव्या देतात, म्हणजे काम नीट चाललंय.” मग पत्रं थांबली. पेपरात यायला लागलं, शांतिसेनेचे रस्ते अडवलेत, तिच्यावर गोळीबार होतोय, आता तीही लढाईत उतरलीय. हे तो पेपर घडी करून बॅगेत लपवायचे. मला तेवढं जर्मन येत नाही अशी त्यांची समजूत होती...

डिसेंबरातला दुसरा रविवार. सकाळचे साडेअकरा, बारीक पाऊस. यांच्या एका सहकाऱ्याकडे जेवायला निघालो होतो. बोटीत वीस-पंचवीस माणसं. मी खिडकीशी बसले होते आणि शिट्टी ऐकू आली. दोन आखूड, एक लांब.

ती आमची शिट्टी. लहानपणी दादा मैदानावरून मला तशी हाक मारायचा, आणि “आले” म्हणून मीही तशीच वाजवायची. तोंडात दोन बोटं घालून. आई कपाळाला हात लावायची.

“ऐकलंत?” मी यांना विचारलं.

“काय?”

“दादाची शिट्टी.”

“अगं, एखादा भोंगा असेल. बंदर आहे हे.”

पुन्हा वाजली, मागच्या डेककडून. मी उठून बाहेर गेले. पावसात तिथे चिटपाखरू नव्हतं. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा मात्र मी विचार केलाच नाही. हातमोजा काढला, बोटं तोंडात घातली आणि सगळा जोर लावून उत्तर दिलं.

साडीवर लांब कोट, कपाळाला कुंकू, आणि ही शिट्टी! आतली माणसं वळून बघायला लागली, कुणाचा तरी कुत्रा भुंकत सुटला. हे दारात उभे, कान लाल. तिकिटं तपासणारे म्हातारे गृहस्थ आले. वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी टोपीला हात लावला आणि म्हणाले, “धुक्यात आमचा भोंगा बिघडला, तर तुम्हाला बोलावतो.” सगळे हसले. मीही. कित्येक दिवसांनी एकदम हलकं वाटलं, का ते कळेना. जेवताना मी तीनदा बटाटे मागून घेतले.

जानेवारीत दादाचं पत्र आलं.

“बेबी, एक गंमत सांगतो, आईला कळवू नकोस. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी साडेबाराच्या सुमाराला आम्ही पाच जण जीपच्या आडोशाला अडकलो होतो. वायरलेस बंद, बाकीचे जवान कुठे आहेत पत्ता नाही. म्हणून शिट्टी मारली. आपलीच, दुसरी येते कुठे मला? तिसऱ्या शिट्टीला डावीकडच्या आंब्याच्या झाडांतून उत्तर आलं. आपलीच माणसं समजून सगळ्यांना घेऊन रांगत तिकडे गेलो. झाडांत कुणी नव्हतं. मागे वळून पाहतो तर गोळा पडून जीप पेटलेली. नंतर एकेकाला विचारलं. आमच्यात कुणालाच तशी शिट्टी येत नाही. तशी वाजवणारी मला एकच माहीत आहे.”

पत्र यांच्या हातात दिलं. “तिकडचं घड्याळ आपल्यापुढे एक तास,” हे सावकाश म्हणाले. मग पेन्सिल घेऊन आकडेमोड करत बसले. “आवाज नाकासमोर सरळ गेला, तरी सहा तास लागतील.”

“मग?” मी विचारलं.

हे उठले आणि लग्नानंतर पहिल्यांदा स्वतः चहा करायला गेले. साखर विसरले, पण मी तो तसाच प्यायले.

शेवटपर्यंत यांचं म्हणणं एकच, योगायोग. फक्त दर वेळी तो शब्द बोलण्याआधी जरासे थांबायचे. मला याचा उलगडा झालेला नाही, आणि या वयात व्हावा अशी ओढही नाही. दादा रिटायर होऊन मिरजेला आला. त्याच्याबरोबरचे चौघेही आपापल्या घरी सुखरूप पोचले.