भिंगरीचा प्रोसेसर

माझ्या मावशीला लहानपणापासून घरात भिंगरी म्हणायचे, आणि ते नाव तिला पन्नाशीनंतरही शोभत होतं. जेवायला ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसायची, कुणी हाक मारलीच तर उठताना वेळ जायला नको. चहा ती उभ्यानेच प्यायची, तोही अर्धा. उरलेला अर्धा कप मग खिडकीत, टेबलावर, कपाटात, कुठेही सापडायचा. घरांचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत ती कामाला होती, आणि तिथे तिच्या या स्वभावाचं सगळ्यांना कौतुक होतं. दोघांचं काम ती एकटी उरकायची.

मग तिच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा अडकली. बुद्धी लख्ख होती, शब्दही जागच्या जागी होते, फक्त ते तोंडापर्यंत यायला फार वेळ घ्यायचे. मावशीने कचेरी सोडली आणि काम घरी आणलं. बोलण्याचा सराव करून घ्यायला एक बाई येत असत. त्यांनी मावशीला बजावलं, की काका काही सांगत असले तर वाक्य त्यांचं त्यांना पुरं करू द्या, मध्ये शब्द भरू नका. मावशीने मान डोलावली आणि त्या बाईंचंच पुढचं वाक्य पुरं करून टाकलं.

घरात जो कॉम्प्युटर होता तो काकांनीच, हात धड असताना, सुटे भाग आणून जोडलेला होता. ते कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते आणि असली कामं त्यांना मनापासून आवडायची. नुसत्या नकाशांसाठी तो पुरेसा होता. पण आता लोकांना घर बांधायच्या आधीच ते कसं दिसेल याचं हुबेहूब चित्र हवं असायचं, भिंतीवर पडलेल्या उन्हासकट. असं एक चित्र तयार करायला कॉम्प्युटर धापा टाकायचा. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहायचं आणि इकडे मावशी फिरत राहायची. स्वयंपाकघर, गॅलरी, परत पडद्यासमोर, परत गॅलरी. काका खुर्चीतून बघत असायचे.

एक दिवस तिचा धीर सुटला. ती कॉम्प्युटरच्या दुकानात गेली आणि आहे त्याच मदरबोर्डवर बसेल असा जास्त वेगाचा प्रोसेसर मागितला. दुकानदाराने बोर्डचं मॉडेल विचारलं, शोधाशोध केली आणि म्हणाला, "हा बसेल, पण..." मावशीला 'बसेल' एवढंच हवं होतं. 'पण'च्या पुढचं सगळं दुकानातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर आडवा केला आणि बाजूचं झाकण काढलं. काका खुर्ची ओढत जवळ आले.

"आधी..." काका म्हणाले.

"आधी चहा, माहितेय. एवढं झालं की टाकते."

काकांनी मान हलवली, पण तोवर मावशी प्रोसेसरवरच्या पंख्याला भिडली होती. तिने खटके सोडवले. पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा काही हलेना.

"फिर..."

"फिरायला संध्याकाळी जाऊ, अहो," असं म्हणत तिने ठोकळा दोन्ही हातांनी धरून हिसकला.

कच्चकन आवाज झाला. ठोकळ्याच्या बुडाला जुना प्रोसेसर चिकटून वर आला होता. दोघांच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वर्षानुवर्षं वाळून डिंकासारखी झाली होती. एका कोपऱ्यातल्या पिना गर्दीत रेटा बसलेल्या माणसांसारख्या एकीकडे कलल्या होत्या. मावशीने फारसं मनावर घेतलं नाही. जुना तर जुना, जाणारच होता तो. तिने तो ठोकळ्यावरून ओढून काढला, नवा प्रोसेसर बसवला, पंखा लावला, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळाच राहिला. तिने वायरी काढून घातल्या, मेमरी काढून घातली, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. शेवटी दुकानदाराला फोन केला.

त्याने आपलं कालचं 'पण' पुरं केलं. बोर्ड जुना आहे. सुरू होताना सगळ्यात आधी जागा होतो तो बोर्डवरचा प्रोग्राम, बायोस, आधी अद्ययावत करावा लागतो, नाहीतर तो या नव्या प्रोसेसरला ओळखच देत नाही. आणि ते करायला जुनाच प्रोसेसर जागेवर लागतो.

मावशीने फोन ठेवला. "तुम्ही 'आधी' म्हणालात ते हेच?"

काकांनी मान डोलावली.

"आणि ते 'फिर'?"

काकांनी डावा हात उचलून बरणीचं झाकण फिरवावं तसं मनगट फिरवलं. "फिर...वून. मग... उचल."

"मग लवकर बोलायचं ना!" मावशी म्हणाली.

शब्द निसटून गेला होता. काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मावशी तडक स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. एक भांडं कारण नसताना घासलं गेलं. मग ती हात पुसत बाहेर आली आणि काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसली, या वेळी पाठ टेकून.

"चुकलं माझं. आता काय करायचं ते तुम्ही सांगा. मी बसलेय."

काकांनी तोंड पुन्हा तिच्याकडे वळवलं. मग म्हणाले, "पे... पे..."

पेस्ट, पेचकस, पेन ड्राइव्ह, सगळे शब्द मावशीच्या जिभेवर येऊन उभे राहिले. तिने ओठ दाताखाली धरले. टेबलाखाली तिचा पाय शिलाई मशीनच्या पायपट्टीवर असल्यासारखा हलत होता. काकांनी डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. पाय थांबला नाही, जरा हळू झाला.

"पेन्सिल. तुझी... बारीक. शिसं... काढ."

नकाशांसाठी ती शिसं बदलायची पेन्सिल वापरायची. शिसं काढल्यावर पुढे पोकळ नळी उरली. ती एकेका वाकड्या पिनेवर चढवायची आणि पिन केसाकेसाने सरळ करायची. मावशी मध्ये दोनदा उठून गॅलरीत जाऊन आली. एकदा घाईने जोर लावला तेव्हा काकांच्या तोंडून "हळू" इतकं पटकन आलं, की दोघंही एकमेकांकडे बघत राहिले.

नवा निघाला, जुना प्रोसेसर जागेवर बसला. पडदा उजळला. बायोसची नवी फाइल चढायला लागली, आणि पडद्यावर सूचना आली की मध्येच वीज बंद करू नका. मावशीने दोन्ही हात काखेत कोंबले. पट्टी सरकत होती, अडत होती, पुन्हा सरकत होती. जन्मात तिने एवढी कळ काढली नव्हती. पट्टी भरली. मग पेस्ट मऊ व्हावी म्हणून ठोकळा तापेपर्यंत कॉम्प्युटर चालू ठेवला, बंद केला, ठोकळा डावी-उजवीकडे फिरवला, आणि तो अलगद सुटून आला. जुनी पेस्ट पुसली. नवी किती घालायची ते काकांनी करंगळीचं अर्धं नख दाखवून सांगितलं.

नवा प्रोसेसर ओळखला गेला. मावशीने एका बैठकीच्या खोलीचं चित्र तयार करायला लावलं आणि सवयीने उठली. ती गॅलरीच्या दारापर्यंत पोचते न पोचते तोच काका म्हणाले, "झालं." ती तिथेच उभी राहिली. परत फिरावं की पुढे जावं, हे तिला काही केल्या कळेना.

त्यानंतर मावशी बदलली असं मी म्हणणार नाही. दुकानदाराचं ती ऐकते, भाजीवाल्याचं नाही. काकांचं मात्र वाक्य पुरं होऊ देते, म्हणजे बहुतेक वेळा. परवा मी गेले होते तेव्हा काका तिला म्हणाले, "अगं, दू..." मावशी हातातलं काम ठेवून त्यांच्यासमोर बसली. "दू... दूध..." मीही श्वास रोखून बसले. मावशीने ओठ दाताखाली धरले होते. "दूध... उतू... जातंय."

स्वयंपाकघरातून चर्रर्र आवाज आला. मावशी धावली.

काका माझ्याकडे बघून खांदे उडवत हसले. "आज... वाक्य... तोडायचं... होतं," ते म्हणाले.